सही करण्याआधीचे इंग्रजी



शाळेत इंग्रजीच्या तासाला जोड्यांचा एक धडा असायचा. 'प्रिन्सिपल' हा शब्द दोन तऱ्हांनी लिहितात. एकाचा अर्थ मुख्याध्यापक, दुसऱ्याचा अर्थ तत्त्व. 'स्टेशनरी'चेही तसेच. एका स्पेलिंगची स्टेशनरी म्हणजे वह्या-पेन्सिली आणि दुसऱ्या स्पेलिंगची म्हणजे जागच्या जागी उभी असलेली वस्तू. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' या जोडीने तर पिढ्यान् पिढ्या मुलांचे गुण खाल्ले आहेत. पण अशा जोडीत चूक झाली तर नुकसान किती? एका गुणाचे, फार तर दोन गुणांचे.

मुख्याध्यापकांच्याच स्पेलिंगने कर्जाचे मुद्दलही लिहितात, हे मात्र त्या तासाला सहसा कोणी सांगत नाही. आणि खरी गंमत, किंवा खरा धोका म्हणा, तिथूनच सुरू होतो. शाळा सुटते, नोकरी लागते, संसार होतो आणि आपल्यासमोर कागद येऊ लागतात. बँकेचा अर्ज, विम्याचा कागद, घरभाड्याचा करार, कर्जाची पावती. या कागदांवरही शब्दांच्या जोड्या असतात. इथे चूक झाली तर मात्र कधी घर जाते, कधी आयुष्यभराची पुंजी अडकते, तर कधी दुसऱ्याचे कर्ज आपल्या माथी बसते. आज मी अशाच काही जोड्यांविषयी बोलणार आहे.

पहिली जोडी 'विटनेस' आणि 'गॅरंटर'. दोघेही कागदाच्या तळाशी सही करतात. दोघांचेही नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून घेतात. पाहणाऱ्याला दोन्ही सह्या सारख्याच वाटतात. पण विटनेस म्हणजे साक्षीदार. अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली, एवढेच तो सांगतो. त्याच्या खिशाला कधी हात लागत नाही. गॅरंटर म्हणजे जामीनदार. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ही मूळ कर्जदाराइतकीच असते. निम्मी नाही, पाव नाही, तितकीच. बँकेने आधी कर्जदाराच्या दारात जावे, त्याचे सगळे विकून झाल्यावर मग माझ्याकडे यावे, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक थेट त्याच्याकडेही येऊ शकते.

आता गंमत बघा. 'जामीन' हा शब्द मराठी माणसाला काही नवा नाही. कुणाला जामीन राहायचे म्हटले की आपल्याकडची जुनी माणसे दहा वेळा विचार करत. त्या शब्दाला वजन होते. पण पतसंस्थेत किंवा बँकेत तोच शब्द 'गॅरंटर' होऊन आला आणि हलका झाला. "काही नाही हो, नुसती सही लागते," असे कोणीतरी म्हणतो आणि मित्राखातर, मेहुण्याखातर आपण सही करून मोकळे होतो. म्हणून सांगतो, गॅरंटर हा शब्द दिसला की मनात लगेच 'जामीन' म्हणा. हात आपोआप थोडा थांबेल.

दुसरी जोडी घरोघरी आहे. 'नॉमिनी' आणि 'लीगल एअर', म्हणजे कायदेशीर वारस. बोलताना आपण काय म्हणतो? "खात्याला बायकोचे नाव वारस म्हणून लावले." वास्तविक आपण वारस लावलेला नसतो, नॉमिनी नेमलेला असतो. वारस कोण, हे मृत्युपत्र असेल तर त्यावरून ठरते आणि नसेल तर वारसा कायद्यावरून. नॉमिनी आपण नेमतो तो पैसे स्वीकारण्यासाठी. खातेदार गेला तर बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यावेत, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे नॉमिनी. ते पैसे अखेर कुणाचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे वारस. एकाच माणसाच्या अंगावर दोन्ही टोप्या असू शकतात. पण टोप्या दोन आहेत.

हा फरक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. एका गृहस्थांनी आयुर्विम्याला पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून दिले होते. ते गेल्यावर त्यांच्या आईने आणि मुलाने आपलाही वाटा मागितला. १९८३ च्या डिसेंबरात न्यायालयाने निकाल दिला, की नॉमिनीला रक्कम स्वीकारण्याचा हक्क आहे, पण ती रक्कम वारसांची आहे. पुढे २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली. आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केले असेल तर आयुर्विम्याची रक्कम त्यांचीच होते, अशी तरतूद आली. पण हे विम्यापुरते झाले. शेअर्सच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा हेच सांगितले, की नॉमिनी झाला म्हणून तो मालक होत नाही. आपल्या महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या फ्लॅटचेही तेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच लिहिले आहे, की वारसांची नावे निश्चित होईपर्यंत नॉमिनीला संस्थेचा तात्पुरता सदस्य करून घेता येते. 'तात्पुरता' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. भावाने म्हाताऱ्या आईचा फ्लॅट सांभाळला, नॉमिनी म्हणून त्याचेच नाव होते, म्हणून बहिणींचा हक्क संपला असे होत नाही. घरात भाऊबंदकी पेटते ती अनेकदा लोभातून. पण कधी कधी ती या एका शब्दाच्या चुकीच्या अर्थातूनही पेटते.

नॉमिनीचाच विषय आहे, तर आणखी एक नवी जोडी सांगतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. ते द्यायचे दोन प्रकार आहेत. एक 'सायमल्टेनियस', दुसरा 'सक्सेसिव्ह'. दोन्ही शब्द 'स'ने सुरू होणारे, दोन्ही जिभेला वेढा घालणारे. सायमल्टेनियस म्हणजे एकाच वेळी. चौघांना किती टक्के द्यायचे ते आपण लिहायचे आणि सगळ्यांची बेरीज शंभर व्हायला हवी. सक्सेसिव्ह म्हणजे एकामागून एक. पहिला नॉमिनी हयात नसेल तरच दुसऱ्याचा नंबर, तोही नसेल तर तिसऱ्याचा. बँकेच्या लॉकरला फक्त हा दुसरा प्रकार चालतो. आता समजा एखाद्या आईला दोन्ही मुलींना निम्मे निम्मे मिळावे असे वाटते आणि तिने खूण केली सक्सेसिव्हच्या चौकोनात. तर बँक सारी रक्कम थोरलीच्या हाती देईल आणि धाकटीला हक्कासाठी बहिणीच्या तोंडाकडे पाहावे लागेल. एका चौकोनातली खूण चुकली, तर आईचा विचार कागदावर उतरलाच नाही.

संयुक्त खात्यातही अशीच जोडी असते. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' आणि 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. ऐकताना हा 'फॉर्मर' शेतकऱ्यासारखा वाटतो, पण त्याचा अर्थ 'आधीचा', म्हणजे खात्यावर ज्याचे नाव पहिले तो. आयदर असेल तर दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकते. फॉर्मर असेल तर पहिल्या नावाचा माणूस हयात असेपर्यंत फक्त तोच काढू शकतो. दुसऱ्याचा नंबर त्याच्या पश्चात. निवृत्त माणसाला आपल्या ठेवीवर ताबा आपलाच ठेवायचा असेल तर दुसरा प्रकार सोयीचा. पण तो इस्पितळात बेशुद्ध असताना बायकोला पैसे काढता यावेत असे वाटत असेल तर पहिला. यात चांगले-वाईट काही नाही. आपल्याला काय हवे आहे ते माहीत हवे, आणि कोणत्या शब्दाने ते मिळते तेही माहीत हवे.

आता कर्जाकडे येऊ. 'वेव्हर' आणि 'राइट-ऑफ' हे दोन शब्द निवडणुकीच्या सभेपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतात आणि आपण दोघांनाही 'कर्जमाफी' म्हणून टाकतो. वेव्हर म्हणजे खरी माफी. कर्जदाराने आता काही द्यायचे नाही. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीत त्याच्या वतीने सरकार बँकेला पैसे देते. राइट-ऑफ म्हणजे बँकेने स्वतःच्या ताळेबंदातून ते कर्ज खोडले, हिशेबापुरते बुडीत धरले. त्याला मराठीत 'निर्लेखन' असा चांगला शब्द आहे. निर्लेखित कर्ज माफ होत नाही. कर्जदार देणेकरीच राहतो आणि बँक वसुली चालू ठेवू शकते. ती किती नेटाने चालू ठेवते, हा निराळा प्रश्न. तो विचारायलाच हवा. पण तो नीट विचारायचा तर आधी शब्द नीट हवेत. बड्या उद्योगाचे कर्ज निर्लेखित झाले ही बातमी 'माफ झाले' म्हणून छापली, तर बँकेला सहज म्हणता येते, "माफ केलेलेच नाही." आणि वसुलीचा खरा प्रश्न बाजूला राहतो.

एका शब्दाने शेतकऱ्याला काय फरक पडतो याचे उदाहरण २००८ सालच्या केंद्र सरकारच्या योजनेत आहे. तिला सर्रास कर्जमाफी म्हटले गेले. पण तिचे पूर्ण नाव 'ॲग्रिकल्चरल डेट वेव्हर अँड डेट रिलीफ स्कीम' असे होते. वेव्हर आणि रिलीफ, दोन वेगळे शब्द, दोन वेगळ्या माणसांसाठी. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्याला वेव्हर. त्याचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला रिलीफ. त्याने आधी ७५ टक्के भरायचे, मग २५ टक्क्यांची सूट. दुष्काळी जिल्ह्यांत ही सूट २५ टक्के किंवा २० हजार रुपये, यांतली जी रक्कम अधिक असेल ती. आता विदर्भातला कोरडवाहू शेतकरी डोळ्यांसमोर आणा. जमीन सात-आठ एकर, पण पाणी नाही, पीक पावसाच्या भरवशावर. पाच एकर बागायतीवाल्यापेक्षा तो गरीब, पण कागदावर मोठा. कर्जमाफी झाली असे त्याने ऐकले आणि बँकेत गेल्यावर त्याला कळले, की आपल्या वाट्याला आलेला शब्द वेगळा आहे. आधी पाऊण कर्ज भरा, मग सूट. ज्याच्याकडे भरायला पैसे असते त्याचे कर्ज थकलेच कशाला असते?

शहरातल्या तरुणांसाठी याच कुळातली आणखी एक जोडी आहे. 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड'. क्रेडिट कार्डाचे कर्ज तुंबते. वसुलीवाला फोन करून म्हणतो, "एवढे भरा, सेटल करून टाकू." मराठीत 'सेटल होणे' हे फार चांगले मानले जाते. मुलगा सेटल झाला, भांडण सेटल झाले. त्यामुळे ऐकून बरे वाटते. पण कर्जाच्या इतिहासात 'सेटल्ड' असा शेरा पडणे म्हणजे या माणसाने ठरलेल्यापेक्षा कमी पैसे दिले आणि बँकेने तेवढ्यावर भागवले, असे होते. पूर्ण फेड झाली तर शेरा 'क्लोज्ड' असा असतो. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर हा शब्द समोर येतो. कमी भरून सुटका करून घेणे कधी कधी अपरिहार्य असते; पण ते करताना कोणता शब्द आपल्या नावापुढे लागणार आहे, हे विचारून मग करावे.

घर भाड्याने घेताना किंवा देताना 'लीव्ह अँड लायसन्स' करावे लागते. बोलताना आपण त्याचे 'लिव्ह अँड लायसन्स' करून टाकतो, जणू राहण्याचा परवाना! ती लीव्ह म्हणजे राहणेही नव्हे आणि सुट्टीही नव्हे. इथे लीव्ह म्हणजे परवानगी. आपल्या 'रजा' शब्दाचा मूळ अर्थही परवानगी असाच आहे. दोन्ही भाषांत शब्दाने एकच वाट धरली. तर लीव्ह अँड लायसन्समध्ये घरात राहण्याची केवळ परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. 'लीज' म्हणजे भाडेपट्टा. त्यात जागा वापरण्याचा हक्कच ठरावीक काळासाठी दुसऱ्याकडे जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा. त्याच्या २४ व्या कलमानुसार राहण्यासाठी दिलेल्या परवानगीची मुदत संपूनही जो जागा सोडत नाही, त्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागू शकतात. आणि त्याच कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार हा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. ती जबाबदारी घरमालकाची. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" हे म्हणणे महाराष्ट्रात चालत नाही.

कागदाइतकेच लेबलांकडेही पाहायला हवे. खाण्याच्या पाकिटावर 'बेस्ट बिफोर' असते आणि 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' असते. बेस्ट बिफोर म्हणजे त्या तारखेपर्यंत पदार्थाची चव आणि दर्जा उत्तम राहील. एक्सपायरी किंवा यूज बाय म्हणजे त्यानंतर तो खाऊ नये. २०२० च्या नियमांनी एक्सपायरी किंवा यूज बाय लिहिणे सक्तीचे केले. बेस्ट बिफोर कंपनीला हवे तर लिहिता येते. रस्त्यावरच्या टँकरवर लिहिलेला 'इनफ्लेमेबल' हा शब्द तर चांगल्या शिकलेल्यांनाही फसवतो. इंग्रजीत 'इन' लागला की शब्द उलटा होतो असे आपण शिकलेलो असतो. पण इथला 'इन' नकाराचा नाही. 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' दोन्हींचा अर्थ एकच, झटकन पेट घेणारे. ज्या टँकरवर तो शब्द आहे, त्याच्याजवळ बिडी पेटवायची नाही.

डॉक्टरांच्या कागदावर 'हायपर' आणि 'हायपो' असतात. ग्रीक भाषेतून आलेले हे दोन भाऊ. हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे खाली. मधुमेह्याची साखर ७० च्या खाली गेली तर ते हायपो. माणूस शुद्धीत असेल तर त्याला ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज द्यावे लागते. हायपर म्हणजे साखर वाढलेली, तिथे साखर देणे म्हणजे आगीत तेल. एका अक्षराचा फरक, आणि उपाय बरोबर उलटा. 'हायपरटेन्शन'ची कथा तर सगळ्यांना माहीत आहे. "मला कसलेही टेन्शन नाही, मग हायपरटेन्शन कुठून?" असे म्हणत माणसे गोळी बंद करतात. हे टेन्शन मनावरचे नव्हे, रक्तवाहिन्यांमधल्या दाबाचे. मन शांत असलेल्या माणसालाही ते असू शकते.

श्रोतेहो, या सगळ्या जोड्या नीट पाहिल्या तर घोळ दोन कारणांनी होतो. एक तर दोन इंग्रजी शब्दांना आपण एकच मराठी शब्द लावतो. नॉमिनीही वारस, राइट-ऑफही माफी. किंवा इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात वेगळाच अर्थ घेऊन बसलेला असतो. टेन्शन, सेटल, लिव्ह. म्हणजे दोष नुसता इंग्रजी कच्चे असण्याचा नाही. उत्तम इंग्रजी बोलणारी माणसेही इथे फसतात. आणि मराठी तोकडी आहे असेही नाही. पोलिसांच्या बातम्या वाचा. इंग्रजीतल्या 'रॉबरी'ला जबरी चोरी आणि 'डकॉइटी'ला दरोडा हे शब्द रूढ आहेत. कायद्याने दरोड्याला किमान पाच माणसे लागतात, चौघांनी लुटले तर ती जबरी चोरी. हा भेद मराठी बातमीदार रोज अचूक सांभाळतो. नामनिर्देशित, जामीनदार, निर्लेखन, भाडेपट्टा हे शब्दही आपल्याकडे आहेत. ते वापरात आणले, तर फरक आपोआप दिसेल. बँकांनी अर्ज प्रादेशिक भाषेतही उपलब्ध ठेवावेत, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. मराठी अर्ज मागायला संकोच वाटायचे कारण नाही.

शब्दकोश सगळ्यांच्या हाताशी नसतो आणि असला तरी त्यात 'सेटल्ड'चा अर्थ 'मिटलेले' असाच सापडेल. म्हणून एक सोपी युक्ती सांगतो. कागदावरच्या अवघड शब्दाचा अर्थ विचारू नका. समोरच्याला दोनच प्रश्न विचारा: यामुळे कोणाला काय मिळणार? आणि काही बिघडले तर कोणावर काय पडणार? या दोन प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत मिळेपर्यंत पेनाचे टोपण काढू नका. मागे रांग असली तरी असू द्या. रांगेतले लोक पाच मिनिटे थांबतील; सही मात्र जन्मभर थांबते.